टिकली फुटली तर मेला

आमच्या मेळाव्यात हल्ली नारिंगी पिस्तूल वापरतात. पारदर्शक प्लास्टिकचं, आत दिवे लुकलुकणारं. चाप दाबला की आधी सायरन वाजतो आणि मग कसलंसं परदेशी गाणं लागतं. समोरच्याला कळत नाही, मरायचं की नाचायचं. खरी वाटेल अशी बंदूक आणू नये, अशी सूचना मंगल कार्यालयाच्या दारावर चिकटवलेली असते. सूचना बरोबरच आहे, दिवस तसेच आहेत. पण बरोबर असलेल्या गोष्टीचाही मला राग येतो, त्याला मी काय करू?

मेळावा म्हणजे सिनेमातल्या एका हिरोच्या चाहत्यांचा. हिरोनं नंदुरबार कधी पाहिलेलं नाही, आणि आम्ही त्याला पडद्याबाहेर पाहिलेलं नाही. तरी त्याच्या वाढदिवसाजवळचा रविवार आला की शहादा, तळोदा, नवापूर, पार धडगावच्या डोंगरातून माणसं नंदुरबारला जमतात. त्याच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्याला हार घालतात, केक कापतात, आणि मग त्याच्या सिनेमातले प्रसंग अहिराणीत करून दाखवतात. ज्यात बंदूक नाही असा प्रसंग आमच्याकडे कुणी बघत नसे. प्रेमाच्या प्रसंगाला लोक चहा प्यायला बाहेर जात.

मी कॉलेजात होते तेव्हाचं माझं पिस्तूल विसरवाडीच्या चौफुलीवरचं होतं. सुरतेकडून येणारे ट्रक तिथं थांबतात, आणि त्यांच्याबरोबर येणारी खेळणी टपऱ्यांवर टांगलेली असतात. माझं पिस्तूल बिडाचं होतं, काळं आणि तेलकट. हातात घेतलं की मनगट खाली जायचं. वरचं झाकण उघडून लाल कागदाच्या टिकल्यांची गुंडाळी आत बसवायची, घोडा ओढायचा, की एकेक टिकली पुढं सरकायची. आवाज असा निघे की कार्यालयाच्या पत्र्यावरची कबुतरं उडत. जळलेल्या दारूचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत बोटांना राहायचा आणि मी मुद्दाम साबण लावायची नाही. एकदा बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं ते मागून घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि स्वतःच्या कंबरेला खोचून फोटो काढून घेतला. त्याच्याकडे सरकारी काठी होती, बंदूक नव्हती.

बंदूक इतकी खरी, म्हणून आमचा नियमही खरा होता. इन्स्पेक्टर आणि डाकू समोरासमोर आले की कोण जिंकणार हे आधी ठरलेलं नसे. पहिली गोळी इन्स्पेक्टरची. टिकली फुटली तर समोरचा मेला. नाही फुटली तर तो जिवंत, आणि आता पाळी त्याची. ‘फुटनी तं मरना, फुसकी तं जित्ता’, असं आम्ही म्हणायचो. मेलेल्यानं पडदा पडेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. जो उरेल त्यानं शेवटचं भाषण करायचं. हा नियम दुसऱ्या कुठल्या नाटकात चालेल असं मला वाटत नाही. पण आमच्याकडे लोक त्यासाठीच यायचे. टिकली दमट निघाली तर अख्खं कार्यालय उभं राहायचं.

त्या वर्षी मी इन्स्पेक्टर होते. बाईनं इन्स्पेक्टर होण्याची ती पहिलीच वेळ. डाकू तो होता. त्याचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं तर त्याला बरंच वाटेल. त्याच्या वडलांचं खताचं दुकान होतं, आवाज दणदणीत होता, मिशी स्वतःची होती, आणि हरायची त्याला सवय नव्हती. प्रयोगाच्या आधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दे ताई, तुन्ही बी बंदूक मी भरी देस.” मी दिली. पुरावा माझ्याकडे नाही, खात्री आहे.

आई त्या दिवशी मला बघायला आली होती. आमचं घर तापीकाठचं, केळी-कापसाचं. वडलांना हे असलं काही चाललंय याचा पत्ता नव्हता. आई डोळे दाखवायला नंदुरबारला जाते असं सांगून एसटीत बसली. तिनं तोवर नाटक पाहिलं नव्हतं. टीव्हीवर कुणी मरायला लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मी तिला म्हटलं होतं, “माय, नाटक शे.” ती म्हणाली होती, “बरं.” तेवढ्यावर मी निर्धास्त राहिले. बायकांच्या कोपऱ्यात, अगदी पुढं, ती मांडी घालून बसली.

मी गोळी झाडली. फुस्स. लोक उठून उभे राहिले. त्यानं मिशीवर हात फिरवला, नेम धरला आणि त्याची टिकली अशी फुटली की माझ्याच कानात शिट्टी वाजली. मी पडले. छान पडले, मला पडता येतं. डोळे मिटून, धुराच्या वासात मी पडून होते, आणि तेवढ्यात आईचा आवाज आला.

“ओ मन्ही माय वंऽऽ! मन्ही आंडेर मारी टाकी वंऽऽ!”

ती स्टेजवर चढली कशी ते आजही मला माहीत नाही. ती माझ्यावर येऊन पडली, माझं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला आणि हंबरडा फोडला, “डोकामा तेल बी नही टाकं वं आज तिनीऽऽ!”

लेक मेली, आणि तिला आठवलं ते हे. ज्याला आई आहे त्याच्या काळजाचं पाणी व्हावं असं ते रडणं होतं. पण कार्यालय हसलं. मी नियम चुलीत घातला आणि उठून बसले, “माय, मी जित्ती शे, दख,” म्हणत राहिले. मुडदा बोलायला लागला म्हणून लोक आणखी हसले. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी विसरले असते. लोक हसतात, त्यांना काय कळतं. पण त्याला कळत होतं. त्यानं खांद्यावरचा गमछा डोक्यावर पदरासारखा घेतला, माझ्या दुसऱ्या बाजूला बसला, आणि आईच्याच आवाजात, तिच्याच हेलात सुरू झाला, “डोकामा तेल बी नही टाकं वं तिनीऽऽ!”

टाळ्या पडल्या. आई रडायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिचा तो चेहरा मी पोटात ठेवला आहे.

परतीच्या एसटीत ती माझं पोट, छाती, खांदे चाचपत होती. मी पिशवीतून पिस्तूल काढून दाखवलं, खोटं आहे म्हणून सांगितलं. “खोटी तं धूर कसा निंघना?” तिनं विचारलं. मी टिकल्यांची गुंडाळी दाखवली. तिनं हात मागं घेतला आणि म्हणाली, “तुले गोयी घसटी गयी. कानबाईनी वाचाडं.” पुढं कितीदा समजावलं, गोळी मला घासून गेली आणि देवीनं वाचवलं हे तिचं मत हललं नाही. घरी सगळं कळलं आणि माझा मेळावा बंद झाला. पिस्तूल मी पेटीच्या तळाशी, जुन्या साड्यांच्या खाली घातलं.

त्याचा मेळावा मात्र बंद झाला नाही. पुढच्या वर्षी त्यानं रीतसर लुगडं आणलं. आधी डाकू होऊन कुणातरी पोरीला गोळी घालायची, मग पाठ फिरवून लुगडं गुंडाळायचं आणि आई होऊन तिच्या मुडद्यावर पडायचं. दर वर्षी. नंतर मोबाइल आले, व्हिडिओ आले, त्याचं चॅनल आलं. ‘डोकामा तेल बी नही’ हे वाक्य जिल्हाभर झालं. लग्नाच्या पंगतीत, पानटपरीवर, एसटी चुकलेल्या माणसाला चिडवायला. माझ्या शाळेत, हो, मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एक आई लेकराच्या निकालावर रडली, तर माझ्या बरोबरच्या गुरुजींनी हळूच तेच वाक्य टाकलं. मी त्यांच्याशी ते बदलून जाईपर्यंत बोलले नाही. बदली झाली तेव्हा निरोपाचा पेढाही घेतला नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. आता ती थकली आहे, कमी ऐकू येतं, जुनं आणि नवं तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसतं. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर शेजारच्या पोरीनं तिला मोबाइल दिलेला. आई ओट्यावर बसून तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघत होती. मला आवाजावरूनच कळलं. त्याच्या तोंडून तिचंच रडणं तिच्याच कानाशी वाजत होतं, मागं लोक खिदळत होते, आणि आई पदरानं डोळे पुसत होती. व्हिडिओ संपला की बोटानं खूण करून पुन्हा लावायला सांगत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं तो परक्यांना हसवत होता, ते मी दातओठ खाऊन सहन केलं. आता त्यानं माझ्या घरात येऊन, माझ्या ओट्यावर, माझ्या आईला रडवलं. त्या क्षणी मी ठरवलं की त्याचा हा रडायचा प्रवेश बंद करायचा, आणि नुसता बंद नाही, त्याच्याच लोकांसमोर त्याला आडवा करून बंद करायचा. तिला आणखी किती वर्षं आहेत कोण जाणे. तेवढी तरी त्याच्या तोंडून तिचं रडणं निघता कामा नये.

मी त्याला फोन केला. आवाजात साखर घातली. “भाऊ, यंदा मी येते म्हणते. तुमच्या प्रवेशात मुडदा मीच होते.” तो आनंदानं ओरडलाच, “ताई! ओरिजनल मुडदा! लोके येडा व्हई जातीन!” मेलेल्या माणसाचा फोन आला तरी त्यानं आधी प्रेक्षकांचाच विचार केला असता.

मग मी पेटी उपसली. पिस्तुलावर थोडा गंज चढला होता. मशीनचं तेल घातलं, जुन्या ब्रशनं घोडा साफ केला, आणि ते पुन्हा हातात घेतलं तेव्हा मनगट तसंच खाली गेलं. मला रडू आलं. आजची पोरं जी नारिंगी खुळखुळे घेऊन नाचतात त्यांना हे कसं सांगू? खोट्या वस्तूलाही वजन असायचं. ती हातात असली की आपण इन्स्पेक्टर व्हायचो, इन्स्पेक्टरचं सोंग करत नव्हतो. बाजारात टिकल्यांची गुंडाळी शोधून आणली, कडक उन्हात वाळवली आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. यंदा दमट निघाली असती तर मी स्वतःलाच माफ केलं नसतं. गच्चीवर एक फोडून पाहिली. समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. नवऱ्यानं कसला आवाज म्हणून विचारलं नाही. तो समंजस माणूस आहे.

मेळाव्याच्या दिवशी दारावरची सूचना मी नीट वाचली आणि पिस्तूल डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या फडक्याखाली घालून आत नेलं. कार्यालय भरलेलं होतं. मागच्या रांगांत माझ्या वेळची तोंडं होती. पोटं सुटलेली, केस पिकलेले. पुढं सगळी नवी पोरं, मोबाइल वर करून बसलेली. आता पडदाही नसतो, मागं मोठा स्क्रीन असतो. त्यानं माइकवर माझी ओळख करून दिली. “जिना मुडदावर मन्हं आख्खं करिअर उभं शे, ती ताई!” लोक हसले. मीही हसले, अगदी मनापासून.

प्रवेश सुरू झाला. तो डाकू होऊन आला, आरोळी ठोकली, नारिंगी पिस्तूल माझ्यावर रोखलं आणि चाप दाबला. सायरन वाजला. मग गाणं लागलं.

मी पडले नाही.

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा तेच गाणं. तो ओठ न हलवता पुटपुटला, “ताई, पड ना.” मी प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि विचारलं, “टिकली फुटनी का?”

नवी पोरं गोंधळली. पण मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं, आणि मग ती सगळी पोटं एकदम उभी राहिली. “नही फुटनी! फुसकी शे! ती जित्ती शे!” इतक्या वर्षांत विसरले असतील असं मला वाटलं होतं. विसरले नव्हते. “आते तिनी पायी! तिनी पायी!” पाळी माझी होती.

मी स्टेजवर सोबत आणलेल्या पिशवीतलं फडकं बाजूला केलं. काळं बीड दिसलं तशी मागची माणसं शिट्ट्या मारायला लागली. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला लुगडं गुंडाळायला वेळ दिला, कारण मला तो त्यातच हवा होता. “नेसा भाऊ,” मी म्हटलं, “शेवटलं शे.” लोकांना वाटलं हे सगळं ठरलेलं आहे, त्यालाही तसंच दाखवणं भाग होतं. त्यानं पदर डोक्यावर घेतला. मी नेम धरला. टिकली फुटली, धूर निघाला, आणि तो वास नाकात शिरला तेव्हा माझ्या अंगातून इतक्या वर्षांचा कसला तरी खिळा उपटून निघाल्यासारखं झालं.

तो उभाच होता. मागून आरडाओरडा झाला, “पड! पड!” मग तो पडला. वाईट पडला, गुडघे धरून, बाजूला हात टेकून. त्याला पडता येत नाही, सवयच नव्हती.

“आते रड!” पुढचं एक पोर ओरडलं, त्याला वाटलं की आता मी रडायचं आहे. मी माइक घेतला.

“ह्यानासाठे कोनी रडनार नही,” मी म्हटलं. “मन्ही माय तं मुयीच नही.”

मग मी भाषण केलं. जो उरतो त्याचं भाषण असतं. ती रडणारी बाई माझी आई होती, ती नाटक करत नव्हती, तिला लेक मेली असं वाटलं होतं, आणि त्यावर या माणसानं दर वर्षी टाळ्या घेतल्या, हे मी अहिराणीत, सावकाश, एकेक शब्द पोचेल असं सांगितलं. मध्ये तो हलला तेव्हा मी थांबले आणि म्हटलं, “मरेल मानूस बोलस नही.” तो पुन्हा निपचित पडला. पडदा नव्हता, त्यामुळं त्याला उठायचं निमित्तही नव्हतं. मी बोलत राहिले. संपलं होतं तरी बोलत राहिले. लुगड्यातून त्याच्या पायातले बूट दिसत होते आणि ते बघून मला फार बरं वाटत होतं.

नंतर जिन्याजवळ त्यानं मला गाठलं. म्हणाला, व्हिडिओ काढून टाकतो, प्रवेश पुन्हा करणार नाही, आधी सांगितलं असतं तरी बंद केला असता. त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, बरं. माफ केलं असं म्हटलं नाही, कारण केलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवे लागत होते. माझ्या आधी व्हिडिओ पोचला होता. शेजारची पोरगी दाखवून गेलेली. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, जपाची माळ हातात तशीच.

“तू मारं का त्याले?” तिनं विचारलं.

“हां.”

“मरना का तो?”

दिवसभराची झिंग चढलेली होती मला. सरळ सांगितलं, “हां माय. मरना.”

तिनं कपाळाला हात लावला. “आरे देवा,” म्हणाली, “बिचारा. दर साल रडे तो तुन्हासाठे.”

मला कळलं नाही. मी म्हटलं, कोण रडे?

“तोच ना. तुले गोयी मारी बठना, तो घोर लागी गया त्याले. लुगडं नेसीसन, मन्हामायक रडे. परकी आंडेरसाठे कोन रडस इतलं?” तिनं पदरानं डोळे पुसले, त्या संध्याकाळी पुसले होते तसेच. “सराध करे तो तुन्हं, दर साल. आनि तू त्याले मारी टाकं.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. त्या रडण्यात तिनं स्वतःला कधी ओळखलंच नव्हतं. ती हसू ऐकत नव्हती, तिला कमी ऐकू येतं. ती बघत होती एक माणूस, जो तिच्या लेकीसाठी तिच्याइतकाच रडतो.

तो जिवंत आहे, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. पण मग तो खरं कशासाठी रडत होता, लोक कुणाला हसत होते, हेही सांगावं लागलं असतं.

“पानी तपाड,” ती उठत म्हणाली. “आंग धोनं पडी.”

नात्यातलं माणूस गेल्यावर करतात तसं तिला डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं. मी गॅसवर पातेलं ठेवलं, कढत पाणी बादलीत ओतलं, विसण घातलं. तिनं दार लोटून घेतलं. पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला आणि मग ती रडायला लागली. थकलेल्या आवाजात, पण तोच हेल, तोच सूर. ज्याची इतकी वर्षं त्यानं नक्कल केली ते रडणं, खरं, त्याच्या नावानं, माझ्या न्हाणीघरात चाललं होतं. मी बाहेर टॉवेल धरून उभी होते, आणि मला त्याला पुन्हा एकदा मारावंसं वाटत होतं.